अर्ध्या कादंबरीचे दोन पक्षकार

वसमतच्या मुन्सफ कोर्टात वसराम नावाचा चपराशी होता. छातीवर पितळी बिल्ला, डोक्याला लाल पागोटं आणि आवाज असा खणखणीत, की त्यानं व्हरांड्यात उभं राहून पुकारा केला म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचे बैल कान टवकारायचे. "फलाना वल्द बिस्ताना, साकिन अमुक, हाजिर है?" एवढं वाक्य म्हणायला निजाम सरकारनं त्याला ठेवला होता. पण तालुक्यात त्याचं नाव झालं ते या पुकाऱ्यामुळं नव्हे. कोणत्या माणसानं कोणती खुनाची कादंबरी वाचावी हे वसरामला बरोबर कळायचं, आणि असं कळणारा माणूस पूर्णा ते हिंगोली सगळ्या रेल्वेवर दुसरा नव्हता.

गंमत अशी, की तिसाव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळखच नव्हती. माणूस बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडला, बापानं नांगर धरला, आणि वसरामनं नुसत्या आवाजाच्या जोरावर सरकारी बिल्ला मिळवला. कोर्टाचे कागद सगळे उर्दूत. ते त्यानं या टेबलावरून त्या टेबलावर नेले, उन्हात वाळवले, उंदरांपासून राखले. त्यांत लिहिलंय काय, हे त्याच्या मनातही कधी आलं नाही. कागद ही न्यायची-आणायची वस्तू, असंच तो धरून चालला होता.

१९३६च्या उन्हाळ्यात परभणीहून आलेले एक वकील बाकावर मराठी पुस्तक विसरून गेले. वसरामनं ते उचललं. वरच्या चित्रात काळा कोट घातलेला एक वकील टेबलावर पालथा पडलेला, पाठीत सुरा, आणि भिंतीवर कुणाची तरी लांबडी सावली. वसराम बघतच राहिला. बारा वर्षं त्यानं वकील बघितले होते. ओरडताना बघितले, पान खाताना बघितले, पक्षकाराच्या फडक्यातली भाकरी खाताना बघितले. मेलेला वकील मात्र त्याला कधी बघायला मिळाला नव्हता.

पुस्तक घेऊन तो आवारातल्या लिंबाखाली गेला. तिथं संतराम अर्जनवीस आपली पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहीत बसायचा.

"संतरामजी, ह्येला कोनी मारलं?"

संतरामनं चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. अकरा पानं झाली. खानसामा सकाळचा चहा घेऊन दार ढकलतो, आत बघतो आणि किंकाळी फोडतो, इथवर गोष्ट आली. तेवढ्यात संतरामला हुडहुडी भरली. हिवताप! तो घरी जाऊन घोंगडीत शिरला तो आठ दिवस उठला नाही.

ते आठ दिवस वसरामनं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. पेशकाराला, म्हणजे मुन्सफांच्या कारकुनाला, नुसती उर्दू वाचता यायची. स्टेशन मास्तर तेलंगी. वकिलांना सवड नाही. पुकारा करताना सुद्धा वसरामच्या डोळ्यांपुढं ते उघडं दार आणि तो खानसामा. नवव्या दिवशी संतराम घोंगडी पांघरून, काठी टेकत आला, तर वसराम त्याच्या वाटेवर उभाच.

"संतरामजी, मला वाचायला शिकवा."

"आं? हे काय मधीच?"

"तुमचं काई खरं न्हाई. आज हाय, उद्या न्हाई. मला खुनी सापडला पायजे."

संतराम इतका हसला, की राहिलेला ताप तिथंच उतरला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली शाळा भरू लागली. दुनिया श्रीगणेशापासून सुरू करते. वसराम म्हणाला, "ते मागून बघू. आदी 'ख' कुठं हाय ते दावा." आपलं आपण वाचलेला त्याचा पहिला शब्द 'खून'. दुसरा 'खानसामा'. तिसरा 'खिडकी', आणि खिडकी उघडी होती हे कळल्यावर त्याला दोन घास कमी गेले.

पोळा झाला, गौरी गेल्या. एका शुक्रवारी, निजामी कोर्टाला सुट्टी असताना, वसराम कोर्टाच्या पायरीवर एकटा बसून शेवटचं पान बोटानं चाचपत वाचत होता. संपलं तसा तो उठला आणि पुकाऱ्याच्या आवाजात ओरडला, "सापडला!" शेजारच्या तहसिलीतले दोन शिपाई काठ्या घेऊन पळत आले. कोण सापडला, कुठं सापडला, हे त्यांना समजावताना त्याच्या नाकी नऊ आले, पण खुन्याचं नाव काही त्यानं त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. परगावचे वकील गाडीत वेळ जावा म्हणून गुप्तहेरांच्या आणि कोर्टातल्या खटल्यांच्या कादंबऱ्या आणायचे. वाचून झाली की म्हणायचे, "घे रे वसराम." समन्स ठेवायची एक जुनी पत्र्याची पेटी त्यानं मागून घेतली, आणि चार वर्षांत तिच्यात सतरा पुस्तकं जमली. सतराही त्यानं इतक्यांदा वाचली होती, की अंधारात हात घालून नुसत्या स्पर्शावरून तो पुस्तक ओळखायचा.

आणि एकदा आपल्याला आवडलं, की ते दुसऱ्याला दिल्यावाचून त्याला राहवायचं नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात तर माणसांना काय तोटा! सकाळी दहाला येऊन चारला पुकारा व्हायचा. तोवर माशा मारत बसलेली ती माणसं बघून वसरामचा जीव कळवळायचा. वैद्य नाडी बघतो तसा तो एकेकाचं तोंड बघायचा.

एखादा साक्षीदार घामानं भिजून बसलेला दिसला, की वसराम त्याच्याजवळ उकिडवा बसायचा. "पयल्यांदाच आलास का? मंग तू 'मुक्या साक्षीदाराचा जबाब' वाच. त्या वकिलानं त्या बिचाऱ्याला सत्तर सवाल केले, आन् त्यानं काय केलं? नुसता खिडकीतून चिंचेकडं बघत ऱ्हायला. त्या चिंचंतच समदं हाय. वाच, तुझं भ्याव जातंय का न्हाई बघ." खोटी साक्ष द्यायला आलेला माणूस त्याला दुरून कळायचा. त्याच्या हाती तो 'पिवळ्या छत्रीचं गूढ' ठेवायचा आणि म्हणायचा, "चौदावं परकरन नीट वाच बरं का, दादा." चौदाव्या प्रकरणात एका खोट्या साक्षीदारानं रहाटाचा आवाज ऐकला म्हणून शपथेवर सांगितलेलं असतं, आणि सरकारी वकील शांतपणे म्हणतो, त्या विहिरीला रहाटच नाही. ते प्रकरण वाचून दोन माणसं साक्ष न देताच गावी निघून गेली, असं संतराम सांगायचा.

रामसिंग जमादारालाही नाद लागला होता. पण त्याला निवडून द्यावं लागे. "जमादार, हे नका घेऊ," वसराम हळूच म्हणायचा, "ह्याच्यात पोलीस लई बावळट दाखिवलाय. तुमचं मन उगी खट्टू हुईल." जमादार मुद्दाम तेच न्यायचा आणि दोन दिवस वसरामशी बोलायचा नाही.

आखाडा बाळापूरची चतुराबाई दिराविरुद्ध शेताच्या वाट्यासाठी भांडत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिला वसराम दर तारखेला एक प्रकरण तोंडी सांगायचा. एका मंगळवारी ती बैलगाडीतून उतरली, तसा पेशकार म्हणाला, "बाई, आज तुमची तारीख नाही."

"मला ठाव हाय," चतुराबाई म्हणाली. "माझी न्हाई. त्या डाक्टरच्या बायकूची हाय. मागल्या बारीला ती पिंजऱ्यात चढून राहिली होती."

सगळं सांगायचा, पण गुन्हेगाराचं नाव मात्र वसरामनं कधी ओठांवर आणलं नाही. कुणी लाडीगोडी लावली, कुणी दटावलं. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या ताटातला लाडू म्या उचलत नसतो."

आता त्या व्हरांड्यात सगळ्यांत जुने पक्षकार म्हणजे सोनाजी आणि सटवाजी. शिरड शहापूरचे सख्खे चुलतभाऊ. भांडण कशावरून? हळद शिजवायच्या कढईवरून! आज्यानं केलेली मोठी लोखंडी कढई. चार माणसांनी उचलावी तेव्हा हलणार. सोनाजी म्हणे माझ्या बापाची, सटवाजी म्हणे माझ्या बापाची. सोनाजीनं दावा लावला, कोर्टानं सटवाजीच्या खळ्यावरून कढई जप्त करून आणली, आणि पाच वर्षं ती आवारात लिंबाखाली पालथी पडून होती. दरसाल फाल्गुनात दोघंही दुसऱ्यांच्या कढया मागून हळद शिजवत, आणि दर तारखेला दोघं येऊन त्या पालथ्या कढईच्या कडेला टेकत. सोनाजी पूर्वेला, सटवाजी पश्चिमेला. मधे कढईचं पोट आलेलं, त्यामुळं एकमेकांचं तोंड बघायचं पाप टळायचं. पाच वर्षांत शब्दाला शब्द नव्हता.

१९४०च्या हिवाळ्यात वसरामची ती पहिली कादंबरी, 'काळ्या कोटातलं प्रेत', हाताळून हाताळून मधोमध उकलली. बरोबर एकशे बाराव्या पानावर. सोनाजी गावच्या शाळेत तीन वर्षं बसलेला. तो बरेच दिवस मागं लागला होता, म्हणून वसरामनं त्याला पहिला अर्धा भाग दिला. म्हणाला, "हे वाचून आन, मंग मागचं देतो." सटवाजीनं ते लांबून बघितलं. तो मंदिरात पोथी वाचणारा माणूस, वाचनाचा मान गावात त्याचा.

"त्याला दिलं, मला काहून न्हाई?"

"अर्धंच ऱ्हायलंय, सटवाजी. मागचं."

"मागचं तर मागचं. त्याच्याकडं हाय त्यापेक्षा माझ्याकडं एक पान कमी नसावं बघ."

वसरामनं पानं मोजून दाखवली. सटवाजीकडं चार जास्तच निघाली. तो खूश होऊन गेला.

पुढची तारीख आली. दोघंही उजाडताच हजर. कढईच्या दोन्ही अंगांना बसले, पण सोनाजीची चुळबुळ थांबेना. शेवटी त्यानं वसरामला खुणावलं.

"त्या पलीकडच्या मानसाला इचार, खानसाम्याच्या मुंडाशात काय सापडलं?"

वसराम कढईला वळसा घालून गेला. "सटवाजी, तिकडून सवाल हाय..."

"ऐकला म्या. मला कान हायत. त्याला म्हनाव, आदी ह्ये सांग की ह्यो खानसामा हाय तरी कोन? माझ्याकडं आल्यापासून नुसता रडूनच राहिला."

वसराम परत वळसा घालून आला. सोनाजी म्हणाला, "म्हनाव, प्रेत पयल्यांदा त्यानं बघितलं."

वसराम परत तिकडं.

"प्रेत?" सटवाजी म्हणाला. "कोनाचं प्रेत?"

हे ऐकून सोनाजी ताडकन उभा राहिला. कढईच्या पाठीवर दोन्ही हात टेकून त्यानं पलीकडं मुंडी काढली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा चुलतभावाला सरळ तोंडावर विचारलं, "आरं, तुला मेलं कोन ते बी ठाव न्हाई?"

"न्हाई ना!" सटवाजीही उठला. "समदे त्याच्यासाठी रडून राहिले. मी बी रडलो दोन पानं. पन कोन मेलं ते काई केल्या कळंना! पंधरा दिवस झोप न्हाई मला!"

"वकील मेला. वामनराव वकील."

"वकील मेला व्हय!" सटवाजीचं तोंड उजळलं. मग दोघांनी एकदमच व्हरांड्याकडं बघितलं. तिथं दोघांचे वकील एकाच तंबाखूच्या डबीतून चिमटी घेत गप्पा मारत होते. सोनाजीला हसू फुटलं, सटवाजीला फुटलं, आणि वसराम तोंडावर पागोट्याचा शेव दाबून लिंबाच्या मागं पळाला.

मग कुठली पूर्व आणि कुठली पश्चिम! सटवाजी उठून सोनाजीच्या अंगाला आला. सोनाजीनं आपला भाग भराभर सांगितला, जिथं चुकला तिथं काढून वाचला. बुरखा घेतलेली बाई कोर्टात येते आणि म्हणते, "खुनी याच खोलीत बसला आहे." इथं सोनाजीची पानं संपली. सटवाजीनं खाकरून गळा साफ केला, पोथीच्या सुरात आपला भाग उघडला आणि पुढं सुरू केलं. सुरुवातीला सोनाजी म्हणाला, "आरं, खुनाचं हाय ते, आरती न्हाई. जरा दबकं वाच." सटवाजीनं ऐकलं, आणि हेच एक नवल होतं. आजूबाजूला आणखी दहा-बारा माणसं जमली. चतुराबाई तर कढईवर चढूनच बसली.

दुपारी तीनला पेशकारानं दोघांच्या दाव्याच्या कागदांची मिसल उचलली. तारीख लांबणारच असं धरून दोन्ही वकील स्टेशनवर चहाला गेले होते. वसराम व्हरांड्यात आला. समोर वीस पावलांवर दोघं पुस्तकावर वाकलेले. कोणतं पान चाललंय ते त्याला लोकांच्या तोंडांवरून कळत होतं. शेवटची उलटतपासणी! पण नोकरी ती नोकरी. त्यानं छाती भरून पुकारा केला.

"सोनाजी वल्द लखमाजी, साकिन शिरड शहापूर, हाजिर है?"

रस्त्यावरच्या बैलांनी कान टवकारले. कढईजवळ एक मान हलली नाही.

दुसरा पुकारा सटवाजीच्या नावानं. त्यावर चतुराबाईनं न बघताच हात झाडला, "शूऽऽ!"

तिसरा पुकारा असा झाला, की स्टेशनवरच्या वकिलांनी तो ऐकला आणि कप टाकून धावले, असं मागाहून ते शपथेवर सांगत होते. आत मुन्सफ साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन्ही पक्ष गैरहजर. "अदम पैरवी में खारिज," ते म्हणाले, आणि पेशकारानं लिहून घेतलं. पाच वर्षांचा दावा अर्ध्या ओळीत संपला.

त्याच क्षणी आवारातून असा गलका उठला, की मुन्सफ साहेब रुमी टोपी सावरत व्हरांड्यात आले. लिंबाखाली माणसं नाचत होती. सोनाजीनं सटवाजीला मिठी मारली होती. "म्या म्हनलं नव्हतं? म्या पयल्या पानावर म्हनलं नव्हतं?" असं तो ओरडत होता.

दावा उडाल्याचं कळलं तसा सोनाजी मटकन खाली बसला. दावा त्याचा, तो उडाला म्हणजे कढई परत सटवाजीच्या खळ्यावर जाणार. त्याचा चेहरा उतरला. वसरामकडं बघून तो म्हणाला, "वसराम, लेका, म्या तुला भाऊ समजलो अन् तू मला बुडिवलंस."

वसरामचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत त्याच्या पुस्तकानं कुणाचं वाईट झालं नव्हतं. सोनाजीचे वकील धापा टाकत म्हणाले, "घाबरू नका, अर्ज देऊ, दावा परत उभा करू. आणखी पाच वर्षं लढू!"

सटवाजी कढईवर थाप मारून म्हणाला, "सोन्या, कढई उचलायला मला चार मानसं लागतात. माझ्या घरात तीन हायत. चौथा कुठून आनू?"

सोनाजीनं वर बघितलं.

"पयली शिजवन तुझी," सटवाजी म्हणाला. "मंग माझी. पन एक बोली. पुढलं पुस्तक आनशील ते आक्खं आन."

त्या अर्जाला वकिलांनी कागद आणला तो कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वसरामला आत बोलावणं आलं. वकिलांनी तक्रार केली होती. मुन्सफ साहेब हैदराबादचे, तब्येतीनं नाजूक. पुढ्यात दही-खिचडी होती. वसराम हात जोडून उभा राहिला. बिल्ला आज जाणार, हे तो धरूनच चालला होता.

"सुना है, मेरी अदालत में तुम अपनी एक अलग अदालत चलाते हो?"

"जी हुजूर. किताबों की."

"ऐसी क्या किताब थी, कि आदमी अपना नाम भूल जाए?"

वसरामनं सांगायला सुरुवात केली. आधी आवाज कापत होता. खानसामा दार ढकलतो तिथं तो स्थिर झाला. सुरा कुणाचा होता या ठिकाणी मुन्सफ साहेबांचा चमचा हवेत थांबला. खिचडी निवली, दह्यावर माशी बसली, पेशकार दारातून डोकावून तिथंच खिळला. बुरख्यातली बाई उभी राहिली. "खुनी याच खोलीत बसला आहे," ती म्हणाली, आणि वसराम थांबला.

"फिर?"

"हुजूर, आगे नक्को."

"नक्को क्या मतलब? हम हुक्म देते हैं!"

वसरामच्या तोंडातून निघून गेलं, "हुजूर मिसल पढ़े बगैर कभी फैसला देते क्या?"

मग मुन्सफ साहेब हसायला लागले. टोपीचा काळा गोंडा थुईथुई नाचायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी शिक्षा सुनावली. सात दिवस दफ्तरखान्यात बसून फाटक्या मिसली शिवायच्या, आणि पहिलं काम म्हणून ती उकललेली कादंबरी सरकारी दोऱ्यानं मजबूत शिवायची. शिवाय इथून पुढं पुकारा होईपर्यंत कोणत्याही पक्षकाराला शेवटची वीस पानं द्यायची नाहीत. ही वीस पानं वसरामच्या खिशात राहतील. शिवून झालेलं पुस्तक दुसऱ्याच दिवशी संतराम अर्जनवीस साहेबांच्या खोलीत बसून त्यांना उर्दूत समजावून सांगू लागला. महिन्याभरात साहेबांची सात पुस्तकं झाली आणि त्यांचं पोटही सुधारलं, असं कोर्टात सगळे म्हणत.

फाल्गुनात शिरड शहापूरहून गाडी आली. पहिल्या शिजवणीला वसरामला आणि त्याच्या बायकोला, रूपाबाईला, आग्रहाचं बोलावणं होतं. सोनाजीच्या खळ्यावर चुलाण पेटलं, कढईत हळद चढली, वर गोणपाट पडलं, आणि सकाळच्या उन्हात निम्मं गाव गोल करून बसलं. वसरामनं नवं पुस्तक काढलं. एका न्यायाधीशालाच पिंजऱ्यात उभं केलेली गोष्ट. सोनाजी आणि सटवाजीनं काडी टोचून हळद बघायची असं ठरलं होतं. दोघांच्या हातांत काड्या होत्या, त्या तशाच हातांत राहिल्या. शेवटी सोनाजीची बायको द्वारकाबाई घमेलं आपटत उठली.

"खुनी सापडंल तवा सापडंल! आदी कढईखालचा जाळ ओढा! हळदीचा गाळ झाला!"

हळद जास्त शिजली ती शिजलीच. त्या वर्षी सोनाजीची पहिली शिजवण वाळायला चार दिवस जास्त लागले आणि त्यानं ते हसत सोसलं.

परतताना गाडीत रूपाबाई रस्त्याकडं तोंड करून बसली होती. वसराम बिचकत म्हणाला, "कंटाळलीस?"

"न्हाई," ती म्हणाली. "एक इचारू? ह्या तुझ्या समद्या पुस्तकांत बाया काय करतात? मरतात, न्हाई तर इख घालतात, न्हाई तर बुरखा घेऊन येतात. वकील बाई हाय का एकात तरी? उभी राहून सवाल करनारी?"

वसरामनं पेटीतली सगळी पुस्तकं मनात चाळली. "न्हाई."

"मंग माझ्याजोगतं पुस्तक तुझ्याकडं न्हाई म्हन की."

हे त्याला लागलं. जमादाराला पुस्तक आहे, खोट्या साक्षीदाराला आहे, मुन्सफाला आहे, आणि घरच्या माणसाला नाही! दुसऱ्या दिवसापासून तो येईल त्या वकिलाला अडवू लागला. "बाई वकील असलेलं हाय का?" वकील हसायचे. एकानं त्याला प्रेमकथा आणून दिली, ती त्यानं त्याच दिवशी परत केली. हिंगोलीच्या वकिलांकडून निरोप गेले, नांदेडला गेले, परभणीला गेले. दोन वर्षं गेली. मुन्सफ साहेबांची बदली झाली, तरी जाताना गाडीच्या खिडकीतून ते म्हणाले, "मिल जाए तो मुझे भी खबर करना."

१९४३च्या दिवाळीनंतर परभणीच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी मुंबईहून आलेलं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. वरच्या चित्रात साडीवर काळा कोट घातलेली बाई, हात पुढं केलेला. वसरामनं ते उघडून बघितलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक पुस्तक स्वतः न वाचता घरी नेलं.

शुक्रवारी सकाळी तांड्यावर बातमी पसरली. बाया टाके घालायची कापडं आणि निवडायची धान्यं घेऊन वसरामच्या अंगणात जमल्या. नानीबाई, तांड्यातली सगळ्यांत म्हातारी, मधोमध चिलीम घेऊन बसली. वसराम वाचायचा, एकेक वाक्य गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, फोडून सांगायचा. चौथ्या प्रकरणात मोठमोठे वकील हसत होते, न्यायाधीश कपाळाला आठ्या घालून बसला होता, आणि ती बाई कागद बाजूला ठेवून खुर्चीवरून उठली.

"बाई गं, ओढणी खोच आदी!" नानीबाईनं पुस्तकातल्या त्या वकीलबाईला बजावलं. "लई मानसं हायत तिथं."

"नानी, गप," रूपाबाई म्हणाली. तिच्या हातातली सुई कापडात तशीच अडकली होती. "तिला बोलू दे."